जुन्या केबलवर अडीच गिगाबिट : माझा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाय-फायचे नवे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रे) बसवायचे ठरले, तेव्हा नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे होती. नव्या प्रत्येक यंत्राला सेकंदाला अडीच गिगाबिट वेगाचे पोर्ट होते. भिंतींतून गेलेली केबल मात्र जुनी. छताची एक पाटी सरकवून बॅटरीच्या उजेडात मी तिच्यावरची छापील अक्षरे वाचली, तेव्हा ती कॅट ५ई, म्हणजे सहसा एक गिगाबिटसाठी वापरली जाणारी तांब्याची केबल, निघाली. ती बदलायची तर भिंती फोडाव्या लागणार होत्या.

नेमक्या याच अडचणीवर २०१४ मध्ये दोन गट कामाला लागले होते : सिस्को, अक्वांशिया आदींचा एनबेस-टी आणि ब्रॉडकॉमसारख्या कंपन्यांचा एमजीबेस-टी. १० गिगाबिटचे तांब्याच्या तारेवरचे मानक २००६ पासून होते. त्याचीच पद्धत घेऊन वेग एक चतुर्थांशावर आणला, की संकेत १०० मेगाहर्ट्झच्या आसपास मावतो आणि कॅट ५ई तेवढ्याचसाठी प्रमाणित आहे. निम्म्या वेगाला, म्हणजे ५ गिगाबिटला, पूर्ण १०० मीटरसाठी त्याहून वरच्या दर्जाची कॅट ६ घेणे बरे. हे दोन गट वेगळेच राहिले असते, तर एकाचा स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारे यंत्र) दुसऱ्याच्या यंत्राशी जुळेलच याची खात्री उरली नसती. सप्टेंबर २०१६ मध्ये आयईईई या मानके ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३बीझेड हे एकच मानक मंजूर केले, याबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते.

तरीही मी फसलो. दुसऱ्या विभागाकडे १० गिगाबिटचा एक चांगला स्विच पडून होता. जो दहा देतो तो अडीच देणारच, असे मी गृहीत धरले. जोडणी झाली, पण वेग एक गिगाबिटच्या वर जाईना. दोन दिवस मी जॅक पुन्हा पंच केले (तारा खाचांत नव्याने दाबून बसवल्या), पॅच कॉर्ड म्हणजे जोडणीच्या छोट्या केबल बदलल्या, केबलवरच संशय घेत राहिलो. शेवटी स्विचचे माहितीपत्रक काढले, तर त्यात १००, १,००० आणि १०,००० मेगाबिट एवढेच वेग नोंदवलेले होते. जोडणीच्या वेळी दोन्ही टोके आपल्याला येणारे वेग एकमेकांना कळवतात आणि दोघांना येणारा सर्वांत मोठा वेग ठरतो; इथे तो एक गिगाबिटच होता. म्हणून स्विच घेताना पोर्टवरचा मोठा आकडा पाहून भागत नाही, ८०२.३बीझेडचा स्पष्ट उल्लेख शोधावा लागतो.

तसा स्विच आल्यावर एक सोडून सर्व पोर्ट पहिल्याच प्रयत्नात अडीच गिगाबिटवर आले. राहिलेल्या एकावर त्रुटींचा आकडा वाढतच होता. जॅक उघडला, तेव्हा केबलमधल्या तारांच्या जोड्यांचा पीळ चांगला दीड इंच उलगडलेला दिसला; तो १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये असा नियम आहे. टोक कापून, पीळ थेट खाचेपर्यंत ठेवून मी तारा नव्याने बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रुटींचा आकडा शून्यच होता.