लीझरच्या काठाने

आज जर्मनीतल्या आयफेल या डोंगराळ भागात लीझर नदीच्या काठाने मांडरशाइड गावापर्यंत चाललो. पायवाट जेमतेम एका माणसापुरती, खाली पाण्याचा अखंड आवाज. बीच वृक्षांच्या मुळांवर इतकं शेवाळ की हात टेकवला की बोटं रुततात.

आणि एका वळणावर झाडी बाजूला होऊन दोन पडके किल्ले समोरासमोर! वरचा ट्रियर शहराच्या आर्चबिशपचा, म्हणजे सत्ता गाजवणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूचा; खालचा मांडरशाइडच्या सरदारांचा. मध्ये फक्त नदीची अरुंद घळ. १३४६ मध्ये आर्चबिशपने खालच्याला वेढा घातला, तरी तो किल्ला हाती आला नाही. इतक्या जवळ शत्रू, रोज एकमेकांच्या चुलींचा धूर दिसत असणार!

भिंतीच्या फटीत नेच्याचं एक कोवळं पान उलगडत होतं. निघायला पाय उचलेना.