सोनिकेटर बंद केल्यावर होणाऱ्या गुठळ्या

इपॉक्सीत (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, नीट पसरल्या नाहीत की खापर सोनिकेटरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी त्या सुट्या करणाऱ्या यंत्रावर, फुटतं. बऱ्याचदा त्यानं नळ्या सुट्या केलेल्या असतात, गुठळ्या पुढे होतात.

कधीकधी सोनिकेटरच्याही आधी, आम्लातून काढल्यावर वाळवताना. सल्फ्युरिक-नायट्रिकच्या ३:१ मिश्रणात नळ्यांवर कार्बॉक्सिल (-COOH) गट बसवून, धुऊन झालेला लगदा ओव्हनमध्ये ठेवला की कोळशासारखी कडक खपली मिळते. पाणी उडताना नळ्या जवळ ओढल्या जातात आणि तेच कार्बॉक्सिल गट त्यांना हायड्रोजन बंधांनी जखडतात. ही खपली खलात घोटून भुकटी होईल, नळ्या सुट्या होणार नाहीत. फ्रीझ-ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) नसेल तर लगदा अ‍ॅसिटोननं तीन-चारदा धुवा आणि ओलाच वापरा. थोडा नमुना वेगळा वाळवून तोलला की कोरडं वजन कळतं.

प्रमाण: १०० ग्रॅम एलवाय ५५६ हे इपॉक्सी रेझिन, ०.३ ग्रॅम नळ्या, १५० मिली अ‍ॅसिटोन. बीकर बर्फात ठेवून प्रोब (सोनिकेटरची कंप पावणारी दांडी) १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असा अर्धा तास. त्याहून ताणलंत तर नळ्या तुटून आखूड होतात. मग रेझिन घालून पुन्हा थोडा वेळ प्रोब.

आता अ‍ॅसिटोन घालवायचा, आणि इथेच घाई नडते. धूर-कपाटात, ठिणगी नसेल अशा जागी, ६०-७० अंशांवर सतत ढवळत ठेवा, शेवटी निर्वात ओव्हन. वास गेला म्हणजे अ‍ॅसिटोन गेला असं नाही. रिकाम्या बीकरचं वजन आधी लिहून ठेवा आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबा. उरलेला अ‍ॅसिटोन हार्डनरमधल्या अमाइनशी अभिक्रिया करतो, रेझिनचं जाळं अर्धवट राहतं, काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर घट्ट झालेलं रेझिन मऊ पडतं) घसरतं. मग नळ्यांनी रेझिन बिघडवलं असा भलताच निष्कर्ष निघतो.

रेझिन खोलीच्या तापमानाला आलं की १० ग्रॅम एचवाय ९५१ हा हार्डनर हलक्या हातानं मिसळा. साचा लगेच गरम करू नका: रेझिन पातळ होतं आणि जेल होण्याआधीच नळ्या पिठल्यातल्या गुठळ्यांसारख्या एकत्र येतात. रात्रभर तसाच ठेवून मग ८० अंशांवर दोन-तीन तास.

तपासणीला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. काचपट्टी आणि कव्हरस्लिपमध्ये दाबलेला थेंब १०० पट मोठा करून पाहा: हार्डनरआधी एकदा, हार्डनर मिसळल्यावर वीस मिनिटांनी त्याच मिश्रणाच्या नव्या थेंबातून पुन्हा. मधे काळे ठिपके वाढले असतील, तर प्रोबची वेळ वाढवून उपयोग नाही.