पॉवरशेलला बॅशचं वळण लावताना

रावेर भागात केळीच्या गाड्या तोलणाऱ्या एका काट्याचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला, आणि तो विंडोजवर. माझं सगळं आयुष्य लिनक्सच्या बॅशवर, म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवायच्या काळ्या खिडकीवर गेलेलं. "विंडोज काढून उबंटू लिनक्स टाकू का?" विचारलं, तर मालक म्हणाले, "भो, काट्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं तं गाड्या उभ्या राहतीन." विषय संपला. मग विंडोजच्या तशाच खिडकीला, पॉवरशेललाच, वळण लावायला बसलो.

सुरुवातीला फसगत झाली ती ओळखीच्या नावांमुळे. फाइलींची यादी देणारं 'एलएस' चालतं, फाइल दाखवणारं 'कॅट' चालतं, फाइल पुसणारं 'आरएम'सुद्धा. पण 'एलएस'ला मागे बॅशचा 'एलए' हा पर्याय लावला की चुकीची लाल अक्षरं. ते मुळात गेट-चाइल्डआयटम या पॉवरशेलच्या आज्ञेचं टोपणनाव आहे, बॅशचे पर्याय त्याला कुठून कळणार? इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लचा तर कहरच. विंडोज 10 मध्ये 2018 पासून खरं कर्ल आहे, पण पॉवरशेल 5.1 मध्ये त्याच नावाचं टोपणनाव आधी पुढे येतं. 'कर्ल डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहिलं की खरं कर्ल धावतं.

टोपणनावात पर्याय बांधून ठेवता येत नाहीत, त्यासाठी फंक्शन लागतं. अशी सगळी फंक्शनं प्रोफाइल फाइलमध्ये टाकली, जी पॉवरशेल उघडताना आपोआप चालते. ती फाइल चालेचना, कारण विंडोजवर स्क्रिप्ट मुळात बंद असतात. एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या तो नियम, फक्त माझ्या युजरपुरती 'रिमोटसाइन्ड' केली; त्यात इथे लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात. त्याला ॲडमिनचा पासवर्डही लागला नाही.

खरा जीव भांड्यात पडला तो पीएसरीडलाइनचा, म्हणजे पॉवरशेलमध्ये ओळ टाइप करायची सोय बघणाऱ्या भागाचा, एडिट मोड बॅशसारखा 'ईमॅक्स' केल्यावर. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी, रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबलं की बाहेर. माझं मत विचाराल तर आधी हेच करा, नावांचं नंतर बघू.

मजकुरात शब्द शोधणाऱ्या बॅशच्या ग्रेपसारखं 'ग्रेप' नावाचं फंक्शनही केलं होतं, पण काढून टाकलं. इथे पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेतून दुसरीत, नुसता मजकूर नाही, तर नाव, साइज अशी माहिती वेगवेगळी धरून ठेवणारे ऑब्जेक्ट जातात. मोठ्या लॉग फाइली शोधायला व्हेअर-ऑब्जेक्टला थेट साइज विचारता येते. बॅशमधल्यासारखं ऑक या आज्ञेने मजकुरातले रकाने मोजत बसायची गरजच नाही.

एक गोष्ट मात्र छळत राहिली. 5.1 मध्ये '>' ने काढलेली फाइल यूटीएफ-16 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत पडते. ती आमच्या लिनक्स सर्व्हरवर गेली की तिथल्या ग्रेपला गाडीचा नंबर सापडेना. प्रोफाइलमध्ये आउट-फाइल या फाइल लिहिणाऱ्या आज्ञेचं डिफॉल्ट एन्कोडिंग लिनक्सला कळणारं यूटीएफ-8 केलं, तेव्हा सुटलं. फाइलीच्या सुरुवातीला बीओएम नावाच्या खुणेची तीन बाइट चिकटतात, ती चालवून घेतो.

फाइलीत नवीन पडणाऱ्या ओळी दाखवत राहणाऱ्या बॅशच्या 'टेल -एफ'च्या जागी, फाइल वाचणाऱ्या गेट-कंटेंटला 'वेट' लावून रोमन अक्षरांत 'गाडी' नावाचं फंक्शन केलं. काट्यावरच्या भाऊंच्या लॉगिनलाही ते टाकून दिलं. ते टाइप केलं की ताजी वजनं स्क्रीनवर येत राहतात. आता ते विचारताहेत, फक्त एमएच 19 च्या गाड्या दिसतील का. त्यासाठी पुढे हवा तो मजकूर असलेल्या ओळीच निवडणारं एक सिलेक्ट-स्ट्रिंग जोडतोय.