अक्षर दोनदा उमटतं तेव्हा: कीबोर्ड दुरुस्तीतला माझा अनुभव

कीबोर्ड बिघडला की तक्रार बहुधा दोनपैकी एक असते: अक्षर दोनदा उमटतं, नाहीतर उमटतच नाही. स्क्रू काढण्याआधी मी एवढंच बघतो की बिघाड एकाच बटणाचा आहे की अख्ख्या ओळीचा. बटणं उभ्या-आडव्या ट्रॅकच्या (वीज वाहणाऱ्या रेषांच्या) जाळीवर बसवलेली असतात. पूर्ण ओळ किंवा रकाना गेला असेल तर स्विचच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ट्रॅक तुटलाय किंवा कंट्रोलरचा (मुख्य चिपचा) टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलाय. एकच बटण असेल, तर ते दाबलेलं कीबोर्डला कळतं कसं, यावर पुढचं सगळं ठरतं.

चेरी एमएक्स (चेरी कंपनीचा नमुना) पद्धतीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटणासोबत खाली जाणाऱ्या दांड्याचा पाय त्यांना दूर ठेवतो. बटण साधारण २ मिमी खाली गेलं की पाय सरकतो आणि पट्ट्या भिडतात. भिडताना त्या उडतात, काही मिलिसेकंद संपर्क लागतो-तुटतो. म्हणून फर्मवेअर (कीबोर्डमधला प्रोग्राम) थोडं थांबून मगच अक्षर धरतं. क्यूएमके या खुल्या फर्मवेअरमध्ये ही वेळ मुळात ५ मिलिसेकंद असते. पट्ट्यांवर मळ किंवा गंज चढला की थरथर त्याहून लांबते आणि अक्षर दोनदा येतं. वेळ १० केली की लक्षण दबतं, पण स्विच खराबच राहतो.

तपासणी सोपी आहे. कीबोर्ड चालू ठेवून स्विचच्या दोन पिना मागच्या बाजूने चिमट्याने जोडायच्या. अक्षर नीट आलं तर बोर्ड ठीक, दोष स्विचचा. नाही आलं तर त्या बटणाचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि त्याचे टाके बघायचे. स्विच काढताना जुन्या टाक्यावर आधी थोडं नवं सोल्डर लावतो, ३५० अंशांच्या आसपास तापवतो आणि मग पंपाने ओढतो. कोरडं जुनं सोल्डर ओढायला गेलं की पॅडच (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचकटतं. हॉट-स्वॅप बोर्डात (ज्यात स्विच सोल्डरशिवाय सॉकेटमध्ये खोचतात) शेजारचा स्विच अदलाबदल करून बघावा. दोष जागेवरच राहिला तर सॉकेटचा टाका सुटलाय. स्विच जोरात दाबून बसवल्याने हे होतं. बसवताना सॉकेटला खालून बोटाचा आधार द्यावा.

मेंब्रेन कीबोर्डमध्ये तीन प्लास्टिक पत्रे असतात. मधल्याला भोकं, वरखालच्यांवर ट्रॅक. गोड पेय सांडलं की ते ट्रॅक खातं. पत्रे सुटे होत असतील तर ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवायचे. कार्बनचे ठिपके घासायचे नाहीत, निघून येतात. तुटलेल्या ट्रॅकवर चांदीचा वाहक रंग चालतो. पत्रे चिकटवलेले असतील तर मी वेळ घालवत नाही, नवा कीबोर्ड घ्यावा.

हॉल इफेक्ट स्विचमध्ये दांड्यात चुंबक आणि बोर्डावर सेन्सर. संपर्कच नाही, त्यामुळे स्विचवर मल्टिमीटर लावून काही कळत नाही. इथे अक्षर दोनदा येण्याचं कारण बरेचदा सेटिंगमध्ये सापडतं: रॅपिड ट्रिगर (बटण किती हललं की दाब किंवा सोड धरायची ते अंतर) ०.१ मिमीवर ठेवला की बोटाचा किंचित कंपही नवा दाब ठरतो. आधी ०.३ करून बघतो, मग कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं माप पुन्हा जुळवणं. वेगळ्या चुंबकाचे स्विच बसवले असतील तर कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं.

ऑप्टिकल स्विचमध्ये दांडा इन्फ्रारेड किरण अडवतो किंवा मोकळा करतो. बहुतेक वेळा केस नाहीतर धूळ निघते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून वाळू द्यावं.

सगळ्यात जपून उघडायचा तो टोप्रे कंपनीच्या पद्धतीचा कीबोर्ड. रबरी घुमटाखालची शंकूसारखी स्प्रिंग दबली की खालच्या पॅडची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, तीच मोजली जाते. बटणं खाली ठेवूनच बोर्ड उचलायचा, नाहीतर सगळ्या स्प्रिंगा घरंगळतात. एखादी तिरकी बसली तर ते बटण मुकं होतं किंवा दाबलेलंच राहतं. बंद करताना स्क्रू सगळीकडे सारखे आवळायचे. एका कोपऱ्यात फट राहिली की तिथली अक्षरं गळतात.