लाल पेनाने लिहिलेला आकडा
आज नववीच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने गुण लिहिलेला कोपरा अंगठ्याने दुमडून आत घातला, आणि तो आकडा माझ्याच लाल पेनाने लिहिलेला होता, हे दिवसभर मनातून गेले नाही. विशीत पंक संगीताने मला अराज्यवादाकडे, म्हणजे वरून लादलेली सत्ता नाकारणाऱ्या विचाराकडे, नेले. तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, छापखाना नसेल तर झेरॉक्सवर अंक काढा, परवानगीची वाट पाहू नका, हा त्याचा धडा मला आजही खरा वाटतो. याच विचाराचे स्पॅनिश शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस्को फेरर यांनी १९०१ मध्ये बार्सिलोनात परीक्षा, बक्षिसे आणि शिक्षा यांना फाटा देणारी शाळा काढली, आणि १९०९ मध्ये, उठावाला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवून, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गुण देणे थांबवण्याचा अधिकार मला नाही, आणि ही नोकरी सोडावी असेही वाटत नाही, कारण वर्गात मी मनापासून रमतो. म्हणून शेवटच्या तासाला फळ्यावरचे वर्गाचे नियम पुसले आणि ते मुलांनाच ठरवायला सांगितले. पाणी प्यायला जाताना विचारावे लागू नये, हा पहिला ठराव त्याच मुलीने मांडला. तो मंजूर झाला असून उद्यापासून मी तो पाळणार आहे.