कापसाला सत्तर

आमच्या फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. त्यांचा नंबर २७. सकाळी साडेनऊला ते आले तेव्हा बाहेर उणे १९ होतं. मॉन्ट्रियलमध्ये अशा दिवशी माणसं एकावर एक कपडे चढवून गळ्यापर्यंत बटणं लावून येतात. यांनी लोकरी टोपी, हातमोजे, जाड कोट सगळं घातलं होतं, पण कोट पुढून उघडा. आत सदरा, आणि सदऱ्याची उजवी बाजू डाव्या हाताच्या चिमटीत धरून अंगापासून बोटभर लांब ओढलेली. सही करताना, खुर्चीत टेकताना, पाणी पितानासुद्धा ती चिमूट सुटली नाही.

मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मला यंत्र सुरू करायची घाई होती.

मी मूळची तासगावची. पुण्यात फिजिओथेरपी शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि इथल्या एका विद्यापीठात, जुनाट वेदनेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून लागले. ही गोष्ट सातव्या महिन्यातली.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या येतात. आमच्या खोलीत तपासणीचा एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीला जाड पडदा आणि एक ट्रे. ट्रेमध्ये मऊ ब्रश, कापसाचा बोळा, कान साफ करायच्या काडीसारखी एक काडी, आणि बोथट टोकाच्या सुयांचा संच. सुया ८ मिलिन्यूटनपासून ५१२ पर्यंत, प्रत्येक आधीच्या दुप्पट जोराची. शेजारी थर्मोड. ही धातूची छोटी चकती कातडीवर ३२ अंशांवर ठेवायची, मग ती सेकंदाला एक अंश तापत जाते. दुखायला लागलं की समोरच्याने बटण दाबायचं. कोणी दाबलंच नाही तर ५० ला यंत्र आपणहून थांबतं.

या कामात सगळ्यात अवघड असतं चेहरा कोरा ठेवणं. हळहळायचं नाही, "छान सहन केलंत" म्हणायचं नाही, ठरलेली वाक्यं प्रत्येकासमोर त्याच आवाजात वाचायची. तपासणारा कोण आहे यावरही माणसाचा आकडा हलतो. तपासणारी बाई असली की पुरुष दुखणं कमी सांगतात, असं १९९१ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. एवढा जपून वागण्याचा खटाटोप एकाच कारणासाठी. थर्मोड उष्णता मोजतो, सुई जोर मोजते, पण दुखतं किती हे मोजणारं यंत्र आजही कुठे नाही. ते फक्त ज्याचं दुखतं तोच सांगू शकतो. तो जे बोलेल ते आमचं मोजमाप.

हे मला पाठ होतं. तरी त्या दिवशी मी चुकले.

२७ नंबरचं वय ७१. तीस वर्षं त्यांनी रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवली. चौदा महिन्यांपूर्वी उजव्या बरगड्यांवर, पाठीपासून पोटाकडे, नागीण उठली. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मरत नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि म्हातारपणी, अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून नागीण पट्ट्यासारखी येते आणि बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला. आपल्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. ते काही खरं नाही. खरी भीती वेगळी आहे. फोड सुकतात, खपल्या पडतात आणि आग तशीच राहते. तीन महिन्यांवर राहिली तर तिला नागिणीनंतरची जुनाट वेदना म्हणतात.

त्यांनी आधी प्रश्नावली भरली होती. ती याच शहरात जन्मली. इथल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्ण दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते वर्षानुवर्षं गोळा केलं आणि १९७५ साली ७८ शब्दांची ती यादी छापली. मी नवीन असताना त्या शब्दांसमोर मराठी शब्द लिहायचा चाळा लावून घेतला होता. ठणका, सणक, चमक, कळ, तिडीक, ठसठस, चुरचुर, रग, पेटका, उसण. काही ठिकाणी आपल्याकडे एकासाठी तीन शब्द निघाले. आणि "दुखणं" या शब्दाशी तर मी बराच वेळ थांबले. आपण वेदनेलाही दुखणं म्हणतो आणि आजारालाही. अमका मोठ्या दुखण्यातून उठला, असं आजी म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणाने, जे २०२२ पासून लागू झालं, जुनाट वेदनेला स्वतःचं वेगळं स्थान दिलं. आपल्या भाषेत ते दोन्ही आधीपासून एकाच शब्दात आहेत.

तपासणी नेहमी निरोगी बाजूने सुरू होते. डाव्या बरगड्यांवर सगळं सरळ. सुई टोचली की छोटा आकडा, कापूस फिरवला की शून्य. दुखणं शून्य ते शंभरमध्ये सांगायचं. ते हसतमुखाने आकडे सांगत होते.

मग उजवी बाजू. सुया आणि कापूस आलटूनपालटून द्यायचे असतात, म्हणजे पुढे काय येतंय याचा अंदाज बांधता येत नाही. १२८ ची सुई: शून्य. २५६: शून्य. ५१२, सगळ्यात जोराची: "लावलीत का?" मी लावली होती, कातडीवर खळगा दिसत होता. मग कापसाचा बोळा. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर, फुंकर घालावी इतक्या हलक्या हाताने.

त्यांनी पलंगाची कड धरली. बोटांची पेरं पांढरी पडली. हसू तसंच होतं, फक्त त्यात आता काही उरलं नव्हतं. आकडा त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितला: "स्वासांत-दीस."

इथल्या फ्रेंचमध्ये सत्तरला वेगळा शब्द नाही. साठ-दहा म्हणतात. सात महिन्यांत दुकानात, बसमध्ये, फोनवर हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण आत्ताच ५१२ च्या सुईला शून्य सांगणारा माणूस कापसाला सत्तर कसा सांगेल, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं आणि कानांनी त्याप्रमाणे ऐकलं: ते साठ म्हणाले आणि लगेच दुरुस्त करून दहा म्हणाले. मी चौकटीत १० लिहिलं. वर पट्टी दाखवून समजावू लागले की शून्य म्हणजे अजिबात नाही, शंभर म्हणजे असह्य. आणि विचारलं, "दहा, बरोबर ना?"

ते उठून बसले. सदरा ओढून घेतला, मग लगेच चिमटीत धरून लांब केला.

"दहा नाही. सत्तर. तुम्हालाही खोटंच वाटतंय."

मग हळू आवाजात म्हणाले, की एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, जिथे टोचलेलं कळत नाही तिथे कापड लागून दुखेल कसं? तेव्हापासून त्यांनी घरातही सांगणं सोडलं. बायको मिठी मारायला आली की ते डावी बाजू पुढे करतात.

मी भिंतीवरची घंटी दाबली. आमच्या तंत्रज्ञ बाई आल्या. अठरा वर्षं इथे आहेत. त्यांनी त्यांना काहीच विचारलं नाही. मला म्हणाल्या, "कागद दाखव." पाहिला. "आडवी एकच रेघ. बाजूला खरा आकडा. सही, तारीख."

आमच्याकडे खोडरबर नसतं, पांढरी शाईही चालत नाही. चुकलेला आकडा खालून वाचता आला पाहिजे, तो कोणी चुकवला आणि कधी सुधारला हेही. मी १० वर रेघ मारली, शेजारी ७० लिहिलं, आद्याक्षरं टाकली, तारीख घातली. ते पलंगावर बसून माझ्या पेनाकडे बघत होते. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आकडा कोणीतरी त्यांच्यादेखत खोडून दुरुस्त करत होतं, त्यांनी सांगितला तसा. मी माफी मागितली. ठरलेल्या वाक्यांत माफी बसत नाही, पण तंत्रज्ञ बाईंनी मला थांबवलं नाही.

दहा मिनिटांची सुट्टी घेतली. ते खिडकीशी बसले, चिमूट धरून. आणि तेव्हा मला ती चिमूट कुठे पाहिली होती ते आठवलं. माझे आजोबा. मी आठवीत असेन. त्यांना नागीण झाली, घरच्यांनी गेरू लावला, उतारा केला, फोड गेले. पुढचा अख्खा उन्हाळा ते सोप्यात पाटावर बसून सदरा असाच धरून असत. "बरी झाली की नागीण, आता कसलं दुखतंय," असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हटलं असेल. आजोबा काही बोलायचे नाहीत. रात्री पांघरूण अंगाला लागू नये म्हणून कुशीला सुपासारखा हात धरून झोपायचे.

सुट्टीनंतर सगळं पुन्हा केलं, पाच फेऱ्या. सुयांना शून्य, शून्य, एकदा पाच. थर्मोड ४८ अंशांपर्यंत गेला तरी त्यांना साधी ऊबही कळली नाही. कापसाला ७०, ६५, ७५, ७०, ७०. इतकी माणसं तपासलीत, एवढे स्थिर आकडे कमी वेळा मिळतात, असं तंत्रज्ञ बाई नंतर म्हणाल्या.

मग आखणी. ब्रश निरोगी कातडीवरून एकेक सेंटीमीटर आत आणायचा आणि स्पर्शाचं दुखणं सुरू झालं की पेनाने ठिपका द्यायचा. आठ दिशांनी आठ ठिपके, मग ते जोडायचे. हे मी केलं, त्यांनी "आता" म्हटलं की त्याच क्षणी ब्रश उचलत. बरगड्यांवर तळहाताएवढा, लांबट, वेडावाकडा आकार तयार झाला. त्याच्या मधोमध सुया कळत नव्हत्या.

आमच्या प्रोफेसरबाई तोवर खाली आल्या. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की ही तपासणी म्हणजे निदान नाही आणि एकट्याचा निकाल हातात देता येत नाही. पण २७ नंबरनी विचारलं, हे असं कसं होतं, तेव्हा बाई खुर्ची ओढून बसल्या. विषाणूने टोचण्याच्या आणि उष्णतेच्या बारीक तारा जाळल्या की ती जागा बधिर होते. त्या जळण्याने कण्यातल्या पेशी इतक्या चेतलेल्या राहतात की स्पर्श नेणाऱ्या जाड तारांनी नुसतं "कापड लागलं" म्हटलं तरी त्या "आग" असं वर कळवतात. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये कण्यात दुखणं वर जाऊ देणारं एक दार असतं असं मांडलं, स्पर्श ते दार लोटून बंद करतो. म्हणून आपटलं की आपण चोळतो. यांच्यात तोच स्पर्श दार उघडत होता. "बधिर आहे म्हणून दुखत नाही असं नाही," बाई म्हणाल्या. "ज्या इजेने ते बधिर झालं, तिनेच ते दुखतं."

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, याचा कागद मिळेल का.

कागद देता येत नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कागद आमचा आहे. कातडी तुमची आहे, फोनही तुमचा."

आमच्या गटात एक बाई आहेत, अकरा वर्षं स्वतः दुखणं घेऊन जगणाऱ्या. त्या संशोधक नाहीत, पण प्रत्येक बैठकीला असतात. त्यांनी आमच्या सगळ्या फॉर्मांवर एक शब्द खोडायला लावला होता. "रुग्ण वेदनेची तक्रार करतात" तिथे "रुग्ण वेदना सांगतात". तेव्हा मला ते शब्दांचं खुसपट वाटलं होतं.

मी पडदा सरकवला, उजेड आला. त्यांनी हात वर केला आणि मी त्यांच्या फोनवर तीन फोटो काढले, पट्टी शेजारी धरून. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, तिसरं मात्र उघडं ठेवलं.

बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांनी फोन पुढे केला. तिने फोटो मोठा केला, पडद्यावर बोटाने रेघेवरून रेघ फिरवली, पुन्हा पहिल्यापासून. मग उठून त्यांचा कोट उचलला, उजवी बाही दोन्ही हातांनी गोल, रुंद धरली आणि त्यांनी त्यात हात घालेपर्यंत ती अंगापासून लांब धरून उभी राहिली.