बंद पंपाला पडलेले छिद्र

सकाळची पाळी सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तेव्हा पंपगृहातून निरोप आला की ‘बी’ पंप गळतो आहे. रासायनिक द्रवांच्या पंपात गळती म्हटली की पहिला संशय मेकॅनिकल सीलवर, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती द्रव अडवणाऱ्या भागावर जातो, तसा माझाही गेला. पण तिथे पोहोचलो तेव्हा सीलची जागा कोरडी होती. थेंब येत होते ते केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या तळातून, ड्रेन प्लगपासून चार बोटांवर. पुसून पाहिल्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले.

मला अस्वस्थ केले ते एका गोष्टीने. हा पंप स्टँडबाय, म्हणजे गरज पडली तर वापरायला राखीव ठेवलेला होता. शेजारचा ‘ए’ पंप त्याच बनावटीचा, त्याच दिवशी बसवलेला. तोच द्रव तो तीन वर्षे रात्रंदिवस ढकलत होता आणि त्यातून एक थेंबही कधी गळला नव्हता. राबणारा पंप शाबूत होता आणि जवळजवळ न चाललेला पंप आरपार झिजला होता.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, पंप रिकामा करून आम्ही केसिंग उतरवले. तोवर ‘माल खोटा आहे’ अशी कुजबुज सुरू झाली होती. एका फिटरने केसिंगला चुंबक लावून पाहिले; ते हलकेच चिकटले आणि संशय पक्का झाला. ही समजूत फार जुनी आणि चिवट आहे. पत्र्याच्या किंवा सळईच्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरे, पण आमचे केसिंग ओतीव होते, आणि ओतीव 316 मध्ये धातू थिजताना तडे जाऊ नयेत म्हणून फेराइटचा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहरचनेचा, थोडा अंश राखलेला असतो. त्यामुळे चुंबकाचा निकाल तिथे चालत नाही. आम्ही क्ष-किरणांनी धातूची घटकतपासणी करणारे हातातले यंत्र मागवले. क्रोमियम अठरा टक्क्यांच्या आसपास आणि मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या वर भरले. धातू बरोबर होता, आणि पुरवठादारावर ठपका ठेवणारे पत्र लिहिण्याची घाई मी केली नाही याचे मला आजही समाधान वाटते.

दुपारी छिद्राभोवतीचा तुकडा कापला. बाहेरून टाचणीएवढे दिसणारे छिद्र आत आठ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत एखाद्या किडलेल्या दाढेसारखे पोकळ झाले होते, तोंड अरुंद आणि पोट मोठे. सर्व पृष्ठभाग सारखा झिजलेला नव्हता. तळाशी साचलेल्या राखाडी गाळाच्या थराखालीच हे खड्डे होते, आणि थर जिथे संपत होता तिथून वरचा धातू नव्यासारखा चकाकत होता.

स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळत असेल तोवर तो थर स्वतःच पुन्हा तयार होतो. आमचा द्रव म्हणजे गाळणीवरील धुलाईचे फेरवापराचे पाणी होते. पीएच पाचच्या आसपास, तापमान 45 अंश सेल्सियस आणि क्लोराइड सुमारे 600 पीपीएम. वाहत्या पंपात गाळ बसत नव्हता आणि थराला ऑक्सिजन मिळत होता, म्हणून 316 निभावून नेत होते. स्टँडबाय पंप केव्हाही सुरू करता यावा यासाठी त्याचा सक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे द्रव आत येण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह, मात्र उघडा असे, म्हणजे केसिंग कायम भरलेले आणि द्रव निश्चल. गाळ तळाशी बसला, त्याखालचा ऑक्सिजन संपला, ऑक्साइडचा थर एका जागी फुटला आणि तिथे क्लोराइड ओढले गेले. विरघळलेले धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, त्यामुळे खड्ड्यातला द्रव बाहेरच्या द्रवापेक्षा कितीतरी अधिक आम्लधर्मी होतो आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो.

नोंदवहीत पाहिले, तर ‘बी’ पंप शेवटचा चालवल्यास चौदा आठवडे झाले होते. पाळीतील ज्येष्ठ ऑपरेटर म्हणाले, “साहेब, चालू पंप चांगला चालतोय, मग उगाच कशाला बदलायचा, असं वाटायचं.” त्यांना दोष देणे मला पटले नाही, कारण बंद पंप धुऊन रिकामा करावा असे आमच्या कार्यपद्धतीत कुठेही लिहिलेले नव्हते, आणि ती कार्यपद्धती मीच तपासून मंजूर केली होती. त्याच संध्याकाळी ती बदलली: दर सोमवारी पंपांची अदलाबदल, आणि थांबवलेला पंप क्षारमुक्त पाण्याने धुऊन, निथळून, सक्शन बंद ठेवणे. सुरू करण्यापूर्वी तो भरून हवा काढावी लागणार होती. तेवढी मिनिटे उत्पादन विभागाने मान्य केली.

नव्या केसिंगसाठी मी 22 टक्के क्रोमियम, 3 टक्के मॉलिब्डेनम आणि नायट्रोजन असलेल्या डुप्लेक्स स्टीलची मागणी लिहायला घेतली. खड्डे पडण्याला विरोध करण्याची या धातूची क्षमता 316 पेक्षा बरीच अधिक असते. त्याआधी, केवळ खात्रीसाठी, ‘ए’ पंपही उघडून पाहण्याची परवानगी मागितली. इम्पेलर, म्हणजे द्रव ढकलणारे फिरते चक्र, स्वच्छ होता, तळही स्वच्छ होता. परंतु सांध्यातले गळतीरोधक गास्केट काढल्यावर, जिथे प्रवाह पोहोचत नाही अशा त्या अरुंद फटीत, केसिंगच्या कडेवर मोहरीएवढे तीन काळे ठिपके दिसले. मागणीपत्रातला एकाचा आकडा खोडून मी दोन केसिंगे लिहिली.